दादाच्या संमतीपत्राबद्दल

धंतोली, नागपूर
१४ मे

प्रिय वर्षा,

परवा रात्री तुझा मेसेज वाचला आणि एका वाक्यावर अडले. "आमच्या दादाला उंदीर करू नका गं." फोनवर बोलले असते तर चिडून काहीतरी बोलून गेले असते, म्हणून लिहायला बसले आहे. बाहेर ऊन असं आहे की दुपारी ओपीडीत चिटपाखरू नसतं. कूलरचा आवाज तेवढा.

पहिलं हे, की दादाला ज्या ट्रायलसाठी, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय चाचणीसाठी, विचारलंय ती आमच्याकडची नाही. तो गेला काय, न गेला काय, माझा त्यात काही फायदा नाही. पण नऊ वर्षं मी हेच काम करते आहे. शुगर, थायरॉइड, वजन, पीसीओडी यांच्या अभ्यासांत येणाऱ्या माणसांना वेळेवर बोलावायचं, त्यांच्या नोंदी ठेवायच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सही घ्यायच्या आधी त्यांच्याशी बोलायचं. तुझी भीती मी उगाचची म्हणणार नाही. तिला कारण आहे, आणि ते माझ्याच टेबलावर घडलेलं आहे.

तेव्हा मी दुसऱ्या ठिकाणी होते. हिंगण्याच्या एक बाई यायच्या, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. त्या दिवशी दुपारचे साडेबारा वाजलेले, उपाशीपोटीचं रक्त द्यायचं म्हणून बाई सकाळपासून पाण्यावर, आणि मागे आणखी चार जण ताटकळत. मी माहितीपत्रक भराभर वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, अंगठा दिला, साक्षीदाराने सही केली. कागदाला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तीन महिन्यांनी त्या समोर बसून म्हणाल्या, "ताई, या डबीतली गोळी खोटी बी असू शकते, हे तुम्ही मले सांगतलंच नाही. ते शेजारची सांगून राहिली होती."

मी वाचलं होतं गं. सातव्या पानावर होतं. पण त्यांना समजलं की नाही हे बघणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून सगळं नव्याने सांगितलं. नेहमीची औषधं चालूच आहेत, त्यांच्यावर ही एक जादा गोळी. ती औषधाची की नुसती दिसायला तशी, हे मलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही. आम्हाला कळलं तर आम्ही नकळत एकाला जास्त बारकाईने विचारू, दुसऱ्याला कमी, आणि मग निकालात आमचंच मन उतरेल. तुम्हाला नको असेल तर आज सोडा, तुमचा इलाज आहे तसा चालू राहील. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आता समजलं. राहू द्या माझं नाव."

तेव्हापासून सहीचा दिवस वेगळा आणि रक्ताचा वेगळा. सहीच्या दिवशी जेवून यायचं, घरचं माणूस बरोबर आणायचं, आणि शेवटी मी नाही, त्यांनी मला सांगायचं की आपल्याबरोबर काय काय होणार आहे. सांगता आलं नाही तर कागद घरी.

आता तू म्हणशील, एवढं सगळं आहे तर लोकांनी यात पडावंच कशाला? याचं उत्तर मला कामठीच्या एका ऑटोवाल्याने दिलं. पन्नाशीचा माणूस, रात्री चार-चार वेळा उठायचा, पायाला मुंग्या. आमच्या अभ्यासात यायला तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, सातच्या वर हवी होती. राखाडी टोपणाच्या ट्यूबमधली उपाशीपोटीची शुगर आली १८८, म्हणजे चांगलीच वाढलेली. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधली तीन महिन्यांची आली ५.६. त्या आकड्यावर तो धडधाकट होता! मी दोन्ही ट्यूबांवरची नावं तपासली, रक्त पुन्हा काढायला लावलं, पुन्हा तेच. मग आमच्या मॅडम म्हणाल्या, सिकल बघा, लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा तो आनुवंशिक आजार. निघालं. लहानपणापासून हाडं दुखायची त्याला घरी वात म्हणत आले होते.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांत तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. तीच आपण मोजतो. सिकलच्या आजारात पेशी फार आधी फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येतो. एचबीएवनसीच्या तपासणीला एवढं वजन आलं ते मुख्यतः अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ चाललेल्या १४४१ माणसांच्या अभ्यासामुळे. फार मोठं काम आहे ते, लाखोंचे डोळे आणि मूत्रपिंडं त्याने वाचवली. पण त्यात आपला कामठीचा ऑटोवाला नव्हता. आणि विदर्भात सिकल किती घरांत आहे, हे तुला मी सांगायला नको, आपल्या वर्गातच दोघी होत्या. त्याला अभ्यासात घेता आलं नाही, फॉर्मवर मला "अपात्र" लिहावं लागलं. पण औषधं सुरू झाली, आता तो बोट टोचून शुगर वहीत लिहून आणतो, आणि त्याच्या दोन्ही मुलांची सिकलची तपासणी झाली.

तू तर पुण्यात राहतेस. रास्ता पेठेतल्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा मागोवा घेत आले आहेत. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास, पण आपल्या त्या बारक्या बाळांच्या अंगावर चरबी मात्र तितकीशी कमी नाही, कमी पडतं ते मांस. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपला दादा आठवून बघ. हातपाय काटकुळे, पोट पुढे, आणि वजनाच्या तक्त्यात "नॉर्मल". आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं, ते याचमुळे.

शुगर व्हायच्या उंबरठ्यावर असलेल्यांचंही तेच. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात नुसत्या नावाच्या गोळीवर असलेल्यांपैकी तीन वर्षांत सुमारे २९ टक्क्यांना डायबेटिस झाला. चेन्नईत ५३१ जणांवर तसाच अभ्यास झाला, २००६ मध्ये छापला, तिथे काहीच विशेष न केलेल्यांत तो आकडा ५५ टक्के होता. माणसं निवडायच्या अटी अगदी सारख्या नव्हत्या हे खरं, पण फरक केवढा! रोजचं चालणं आणि ताटातला बदल यांनी धोका अमेरिकेत ५८ टक्क्यांनी उतरला, चेन्नईत २८.५ टक्क्यांनी. तिकडचा आकडा धरून बसलो असतो तर आपल्या लोकांना आपण भलतंच आश्वासन दिलं असतं.

आणि आता ते आठवड्याचं इंजेक्शन. रोज कोणीतरी विचारतं, "मॅडम, वजनाची सुई आहे का?" त्या सुईतलं औषध सेमाग्लुटाइड, त्याच्या ज्या अभ्यासाने एवढी खळबळ उडाली त्यात १९६१ माणसं होती, ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं. औषध खरंच चांगलं आहे. पण त्यातले चारांतले तीन गोरे होते, आणि उतरलेल्या वजनात थोडं मांसही जातं. ज्याच्या अंगावर मांसच आधी कमी, त्या दादासारख्याचं काय होतं? हे कोणाला तरी मोजावं लागेल, आणि ते इथल्याच माणसांवर मोजावं लागेल. म्हणून मी उंदीर या शब्दाला अडले. पोळ्या लाटणाऱ्या त्या बाई सगळं समजून "राहू द्या माझं नाव" म्हणाल्या, त्यांच्यासाठी तो शब्द मला सहन होत नाही.

दादाने मात्र डोळे मिटून सही करायची नाही. कागद मराठीत मागायचे आणि सही केल्यावर एक प्रत स्वतःकडे ठेवायची. ट्रायलचा सीटीआरआय नंबर विचारायचा, ती सरकारी नोंदणी पहिला माणूस घ्यायच्या आधी व्हावी लागते आणि कोणालाही उघडून बघता येते. अभ्यासामुळे काही इजा झाली तर इलाज आणि भरपाई कोण देणार, हे औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत आहे, ते कागदावर दाखवा म्हणायचं. एथिक्स कमिटीचा, म्हणजे भाग घेणाऱ्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर घ्यायचा. आणि केव्हाही सोडता येतं, कारण न सांगता. या प्रश्नांनी समोरचा वैतागला तर तिथून सरळ उठून यायचं.

एक राहिलंच. काकूंचं इन्सुलिन दादा अजून फ्रिजवर ठेवतो का? फ्रिजवर नव्हे, फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात, बर्फाजवळ नाही. दिवसभर वीज जाते म्हणाली होतीस, तर प्लास्टिकच्या डबीत घालून ती ओल्या मातीच्या माठात ठेवायची. या दिवसांत नागपुरात बाहेर राहिलेली व्हायल खराब होते, आणि मग शुगर का वाढली म्हणून लोक डोस वाढवत बसतात.

दादाला गुरुवारी माझ्याकडे पाठव, कागद घेऊन. त्याची सिकलची तपासणी कधी झाली का, हेही काकूंना विचारून ठेव. ऊन उतरल्यावर पाचनंतर ये म्हणावं, आणि काहीतरी खाऊन ये म्हणावं. वहिनीलाही आण म्हणावं.

तुझी,
माधुरी