वायर खरवडून दाखवणाऱ्या भाऊंना

भाऊ, रामराम.

आम्ही इंटरनेटची वायर घ्यायला आलो, त्यातली कॅट ८ मागितली, तुम्ही कॅट ६ दिलीत. विक्री कमी करून घेणाऱ्या दुकानदाराचे आभार चारचौघांत मानायला हवेत, म्हणून हे पत्र.

एक गिगाबिट वेगाला कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत पुरते. पण भिंतीत एकदा गाडलेली वायर पुन्हा कोण उकरणार? म्हणून कॅट ६. ती साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही पेलते. कॅट ८ जाड, वळवायला हट्टी, तिचा खरा वेग ३० मीटरपर्यंतच, आणि त्या वेगाचं यंत्र घरात असतं कुठे!

खरे आभार मात्र त्या ब्लेडचे. स्वस्त खोक्यातली तार तुम्ही खरवडलीत: वरून तांबूस, आत पांढरी. सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. ७० मीटरवरच्या खळ्यातल्या कॅमेऱ्याला त्याच नेटच्या वायरीतून वीजही दिली (याला पीओई म्हणतात), तर दिवसा तो चालेल. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की भार वाढतो, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा सारखा बंद-चालू होतो. लोक कॅमेरा बदलत बसतात. शिवाय ही तार वाकवताना लवकर तुटते.

गच्चीवरून जाणाऱ्या तुकड्याला तुम्ही काळ्या पॉलिथिलीन आवरणाची वायर दिलीत, तेही बरं झालं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. घरातली राखाडी पीव्हीसी वायर अशा उन्हात तडकते, मग पहिल्याच पावसात पाणी आत.

कनेक्टरमध्ये तारा बसवायचा, पुठ्ठ्यावर लिहिलेला रंगक्रम जपून ठेवलाय: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलला नाही. तरी एका टोकाला निळी तार आत पोचली नव्हती. नेट चालू, पण वेग १०० मेगाबिटवर अडकलेला. १०० ला नारिंगी आणि हिरवी, या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. टोक कापून नवा कनेक्टर लावला, काम झालं.

एकाच गोष्टीत मतभेद. खळ्याला वेगळं मीटर, म्हणजे अर्थिंगही वेगळं असेल तर तिथे तांबं नकोच, फायबर न्यावी. वळवाच्या विजा तांब्यावरून थेट राउटरपर्यंत येतात. यावर चहाबरोबर भांडू.

कनेक्टर दाबून बसवायचं तुमचं क्रिम्पिंग टूल शनिवारच्या बाजाराला आलो की आणून देतो.