आमच्या चिंगीची लाज राखणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी आपण चहाही न घेता निघून गेलात, म्हणून जे समोर बोलायला हवे होते ते आज सर्वांदेखत लिहीत आहे. आमच्या 13 वर्षांच्या कुत्रीला, चिंगीला, झोपेत लघवी होऊ लागली, तेव्हापासून आपण आमच्या दारात येईपर्यंतचे ते पाच आठवडे आठवले की अजूनही घसा दाटून येतो. झोपेत काय झाले हे तिला कळायचेच नाही. जाग आली की ओल्या गोधडीचा वास घ्यायची, कान पाडायची आणि कुणी रागावलेले नसतानाही सोफ्यामागे जाऊन बसायची.

तोवर मी कुठे कुठे गेले नव्हते! एका दवाखान्यात तिला टेबलावर न घेताच "वय झालंय, आता किती दिवस ठेवणार?" असे विचारले गेले. नात्यातल्या एकांनी पाणी कमी पाजायला सांगितले आणि मी दोन दिवस तसे केलेही, याची टोचणी मला जन्मभर राहील. दुकानात कमरेचे माप कुणी विचारले नाही. "स्पिट्झ ना, मग मीडियम" एवढ्यावर डायपरचे पाकीट हातात ठेवले. ते मांड्यांशी सैल पडून सगळे पायांवरून ओघळायचे, म्हणून लहान आणले, तर ते जांघेत रुतले. लाल झालेल्या कातडीसाठी मग त्याच दुकानातून लहान मुलांच्या पुरळावरचे मलम मिळाले, आणि मी ते भाबडेपणाने दिवसातून तीनदा लावत राहिले.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून आपली सारी नोकरी गाईम्हशींच्या जखमा धुण्यात गेली, हे शेजारच्या वहिनींनी सांगितले तेव्हा खरे तर मी कचरत होते, कारण निवृत्त माणसाला एका कुत्रीच्या लघवीसाठी कसे बोलवायचे? आपण मात्र निरोप मिळाल्याबरोबर आलात. आल्या आल्या मलमाची ट्यूब चष्म्याजवळ धरून वाचलीत आणि म्हणालात, "यात झिंक ऑक्साइड आहे. हिनं चाटलं तर पोटात जाईल, विषबाधा होईल." आणि कोमट पाण्याने ते सगळे पुसून काढायला बसलात.

त्या वेळी खोलीत आम्ही सहा माणसे होतो. सासूबाई, मुले, वहिनी, सगळे चिंगीभोवती उभे राहून बघत होते, आणि ती पाय आवळून, शेपूट पोटाशी घेऊन थरथरत होती. डायपरला हात लावण्याआधी आपण मान वर करून शांतपणे म्हणालात, "जरा तिकडं तोंड करा सगळ्यांनी. घरातलं म्हातारं माणूस असतं तर असं बघत उभे राहिला असता का?"

काका, सगळ्यांनी भिंतीकडे तोंडे फिरवली. आठ वर्षांचा माझा मुलगासुद्धा. मी तिचे डोके धरून होते म्हणून मला दिसले: तिचे पाय हळूहळू सैल झाले आणि तिने हनुवटी आपल्या गुडघ्यावर टेकवली. पाच आठवड्यांत तिला पुसणारे, तिच्यासाठी वस्तू विकणारे, सल्ले देणारे पुष्कळ भेटले. तिलाही संकोच वाटत असेल हे एकालाही सुचले नव्हते, आणि त्या एकात मीही आले.

पुढचे सगळे आपण न कंटाळता शिकवलेत. मागच्या पायांच्या किंचित पुढे सुतळी गुंडाळून माप घ्यायचे, पट्टा लावल्यावर आत दोन बोटे सहज गेली पाहिजेत, मागचे लांब केस कापून ठेवायचे, ओले डायपर तासन्‌तास राहू द्यायचे नाही आणि दर वेळी कातडी कोरडी करून थोडा वेळ मोकळी सोडायची. लहान मुलांचे डायपर उलटे घालून चिकटपट्ट्या पाठीवर कशा आणायच्या आणि शेपटीसाठी कापलेल्या भोकाला कडेने चिकटपट्टी लावली नाही तर आतला जेल कसा बाहेर येतो, हेही दाखवलेत. आणि निघताना बजावलेत की डायपर हा उपचार नव्हे. संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंड हे सगळे आधी तपासून घ्या. त्याप्रमाणे दुसऱ्या डॉक्टरांकडे लघवीची आणि रक्ताची तपासणी केली. नसबंदी झालेल्या मादीचा मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू उतारवयात सैल पडू शकतो, तसेच तिचे झाले होते. त्यावर औषध आहे, ते सुरू झाले आणि आता डायपर फक्त रात्री लागते. हे पाच आठवडे आधीच व्हायला हवे होते.

शिकलेली माणसे खूप भेटतात, काका. मुक्या जीवालाही मान असतो हे धरून वागणारी फार थोडी. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घाण निमूटपणे धुतली, त्यांच्याच हातांना ही माया असते असे मला आता वाटते.

आपण गाठ मारून दिलेली सुतळी देवघराशेजारच्या खिळ्याला टांगली आहे. औषध सुरू झाल्यापासून चिंगी पुन्हा पोटभर पाणी पिते, सोफ्यामागे जात नाही, आणि रात्री मी डायपर घेऊन बसले की माझा मुलगा न सांगता भिंतीकडे तोंड करतो. रविवारी चहाला नक्की या. तिला आपला आवाज ओळखीचा झाला आहे.

आपली ऋणी,
चिंगीची आई