एक्स-रे यंत्र गोव्यात, तपासणारे मुंबईत

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या एखाद्या एक्स-रे केंद्रात नियम पाळले जात नसतील, तर पेशंटने तक्रार कुणाकडे करायची?

फोंडा तालुक्यातल्या एका खासगी केंद्रात मूल हलू नये म्हणून आईला आत बोलावलं आणि शिशाचा एप्रन न देताच एक्स-रे काढला. विचारणा केली, तर एका सरकारी कार्यालयातून उत्तर आलं, ‘ते मुंबईचं काम.’

उत्तर अर्धं खरं आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीतली सहावी नोंद अणुऊर्जेची, तर राज्य सूचीतली सहावी नोंद सार्वजनिक आरोग्य व इस्पितळांची. एक्स-रे यंत्र या दोन सहांच्या मध्ये सापडलंय. नोंदणी मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, अर्ज त्यांच्या ‘ई-लोरा’ या ऑनलाइन पोर्टलवर. कागद तिथे तपासले जातील हो. पण खोलीचं दार लागतं का, एप्रन तडकलाय का, तंत्रज्ञाचा टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) छातीवर आहे की खणात, हे मंडळाच्या मुंबईतल्या अणुशक्तीनगरातून कसं दिसणार?

‘कॅग’ने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, 2012 साली हेच दाखवून दिलं होतं. देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी 52,173 नोंदणीविना चालू होती. राज्याराज्यांत किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालयं हवी होती. तोवर ती फक्त केरळ आणि मिझोरामने उभारली होती. केरळने तर 1998 मध्येच. नियम मंडळाचे, पाहणी राज्याच्या माणसांची, अशी ही वाटणी.

गंमत पाहा, सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतोच. तरी लिंगनिदानबंदी कायद्यामुळे त्या यंत्राच्या नोंदी तपासायला राज्याचा अधिकारी दारात येतो. म्हणजे यंत्रणा उभारता येत नाही, असं नाही. बारा तालुक्यांच्या राज्याला तर मुळीच जड जाऊ नये.

तेव्हा एक्स-रे सुरक्षेची जबाबदारी गोव्यात कोणत्या अधिकाऱ्याची, त्याचं पद आणि फोन नंबर जाहीर करावा. त्याला अचानक पाहणीचे अधिकार मिळावेत, यासाठी मंडळाशी रीतसर करार करावा. दातांचे दवाखाने यातून सुटू नयेत. तिथल्या छोट्या यंत्राला कुणी यंत्रच समजत नाही. सुरुवात मात्र घरापासून व्हावी: गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ इथल्या प्रत्येक एक्स-रे खोलीच्या दारावर नोंदणी क्रमांक आणि शेवटच्या गुणवत्ता चाचणीची तारीख मराठी-कोंकणीत लावावी.

आपला,
फोंड्यातील एक नागरिक