पिवळ्या पट्ट्याला रस्ता द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नगरपरिषदेची प्रारूप विकास योजना जाहीर झाली, की 'हिरव्या'तून (शेती विभागातून) 'पिवळ्या'त (रहिवास विभागात) कोणाची जमीन आली, एवढीच चर्चा गावभर होते. अहवालात 20 वर्षांनंतरची लोकसंख्या काढतात, वाढीव माणसांना घनतेने भागतात आणि तेवढे हेक्टर रहिवास विभागात टाकतात. कागदावर जमीन पुरते. घरे मात्र उभी राहत नाहीत.

शहराच्या कडेची एखादी पट्टी पाहा. वाटण्या होऊन उरलेली, 20 मीटर रुंद आणि 150 मीटर लांब, म्हणजे 30 आर. लेआउट करायचा तर आतून 9 मीटरचा रस्ता हवा. त्यातच 1350 चौरस मीटर गेले, जवळपास निम्मी जमीन. उरलेले भूखंड 11 मीटर खोलीचे. सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) सोडल्यावर बांधायला जेमतेम खोलीभर रुंदी उरते. शेजारचा पट्टीवालाही असाच वेगळा रस्ता टाकणार. शिवाय डांबरी रस्त्यापर्यंतची वाट तिसऱ्याच्याच बांधावरून. मग मालक गुंठ्या-गुंठ्याने विकून मोकळा होतो. अशी बेकायदा गुंठेवारी कोणत्या तारखेपर्यंतची नियमित करायची, ही 1 जानेवारी 2001 ची मर्यादा पुढे 31 डिसेंबर 2020 पर्यंत न्यावी लागली, ती यामुळेच.

यावरचा उपाय 1966 च्या नगररचना कायद्यातच आहे: टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना. सगळ्या पट्ट्या एकत्र करायच्या, रस्ते आणि मैदाने एकदाच काढायची आणि प्रत्येकाला रस्त्याला लागून चौकोनी अंतिम भूखंड परत द्यायचा. सुमारे 10 टक्के जागा अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवता येते. पार्ले, सांताक्रूझचे भाग असेच आखले गेले. भूसंपादनाला पैसा नसलेल्या नगरपरिषदेला तर हाच मार्ग परवडतो. सार्वजनिक कामासाठी जमिनीवर नुसते आरक्षण टाकून ठेवले, तर 10 वर्षांनंतर मालक कलम 127 ची नोटीस देतो आणि 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. स्कीम रखडते ती बहुतेकदा मोजणीपायी. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र जुळत नाही, वारसनोंदी अपुऱ्या असतात. म्हणून स्कीमचा इरादा जाहीर करण्याआधीच भूमी अभिलेखकडून संयुक्त मोजणी व्हायला हवी.

प्रारूप योजनेवरील हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. त्यांत आपल्या गटापुरते न पाहता दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: पिवळ्या पट्ट्यातले किती हेक्टर आज रस्त्याला आणि पाण्याच्या मुख्य वाहिनीला लागून आहेत, आणि उरलेल्यावर टीपी स्कीम कोणत्या वर्षी सुरू होणार? अर्जात गट क्रमांक आणि नकाशाचा शीट क्रमांक लिहावा, नियोजन समितीपुढे प्रत्यक्ष सुनावणी मागावी आणि पोचपावती जपून ठेवावी.

– एक नगररचनाकार, सांगली