मोती चौकाजवळच्या कॉम्प्युटरवाल्या दादांना

दादा, स. न. वि. वि.

त्या दिवशी आभार मानायला तोंड उघडलं तर तुमच्या काउंटरवर दोन गिऱ्हाइकं उभी होती. "असू दे ताई, काही अडलं तर फोन करा," म्हणून तुम्ही पुढच्या कामाला लागलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. साताऱ्यात, कोरेगावात, वाईत माझ्यासारखी पत्रिकांची, टायपिंगची कामं करणारी पुष्कळ मंडळी जुन्या मशीनवर दिवस ढकलतायत. माझ्या जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवताना तुम्ही मला जे समजावून सांगितलंत ते त्यांच्याही कामी येईल.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या धंद्यात मान वर करायला फुरसत नसते. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर इतका मंदावला की कोरलड्रॉ उघडेपर्यंत समोर बसलेले नवऱ्यामुलाचे मामा चुळबुळ करायला लागायचे. जो तो नवीन मशीन घ्या म्हणत होता. तुम्ही आधी टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडलात आणि आकड्यांवर बोट ठेवून दाखवलंत. प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांवर निवांत, आठ जीबी रॅममधली निम्मी मोकळी, आणि डिस्क मात्र शंभर टक्के. "बाकी सगळं धडधाकट आहे, एकटी हार्ड डिस्क दमलीय," हे तुमचं वाक्य ऐकून माझ्या डोक्यावरचा निम्मा भार उतरला.

का दमली, तेही सांगितलंत. हार्ड डिस्कच्या आतली तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, पण प्रत्येक बारीकसारीक फाइलसाठी वाचणारा दांडा जागेवर जायला आणि तबकडी फिरून यायला दहा-बारा मिलिसेकंद जातात. माझ्याकडे मराठीचे शेकडो फॉन्ट. एकेकासाठी तेवढा थांबा धरला तर मामा चुळबुळ करणारच. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह, तिच्यात फिरणारं काही नसतंच. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात, कधी त्याहूनही लवकर होतं.

तुमच्या कपाटात एनव्हीएमईचे, म्हणजे जास्त वेगवान एसएसडीचे, डबे होते, वर ठळक सेकंदाला 3500 एमबी छापलेलं. त्यातला एखादा विकला असतात तर तुम्हाला चार पैसे जास्त सुटले असते. त्याऐवजी तुम्ही माझ्या कॉम्प्युटरचा डबा उघडून आत बॅटरी मारलीत. मदरबोर्ड एच 81चा, चौथ्या पिढीच्या आय थ्री प्रोसेसरचा. त्यावर ती बसवायची एम.टू खाचच नाही. वेगळं कार्ड लावून ती बसवता आली, तरी असला जुना बोर्ड तिच्यावरून विंडोज सुरू करेल याची खात्री नाही. म्हणून अडीच इंची साटा एसएसडी, जी हार्ड डिस्कच्याच केबलवर चालते. तिचा वेग साटाच्या मर्यादेमुळे सेकंदाला 550 एमबीच्या आसपास थांबतो, पण फॉन्ट आणि पत्रिकांना तेवढा रग्गड होतो. लॅपटॉपवाल्यांसाठी तुम्ही जाता जाता म्हणालात तेही इथे घालते. एम.टू खाच दिसली म्हणजे एनव्हीएमई चालेलच असं नाही. काही खाचा फक्त साटावाल्या असतात, तेव्हा आधी मॉडेलचं मॅन्युअल बघायचं.

मग किती जीबीची, आणि कुठली? माझा आकडा 240 होता. तुम्ही 480-500ची घ्यायला लावलीत, कारण लहान ड्राइव्ह लवकर भरते आणि भरत आली की लिहिण्याचा वेगही पडतो. तुमच्याकडून जास्त पैसे मागणारा सल्ला तेवढा एकच निघाला, आणि तोही बरोबर ठरला.

डीरॅम, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची छोटी मेमरी, असलेली महाग आणि नसलेली स्वस्त, या फरकावर तुम्ही मला अजिबात घाबरवलं नाहीत. रोज मोठमोठे व्हिडिओ लिहिणाऱ्याने डीरॅमचे पैसे मोजावेत, माझी शे-दोनशे एमबीची फाइल स्वस्त ड्राइव्हचा वेगवान कॅश, म्हणजे तात्पुरती ठेवायची जागा, सहज झेलतो. टिकण्याची शंका मी काढली तेव्हा तुम्ही माझ्याच एका फुकट गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडलात. क्रुशियल बीएक्स 500च्या 480 जीबीवर कंपनी 120 टीबी, म्हणजे 1,20,000 जीबी, लिखाणाची हमी देते. दिवसाला 20 जीबी लिहिले, जे माझ्याकडून कधीच होत नाहीत, तरी 6000 दिवस, म्हणजे सोळा वर्षं. सॅमसंगच्या 870 ईव्होला 500 जीबीमागे 300 टीबी आणि पाच वर्षांची वॉरंटी, पहिलीला तीन वर्षांची. दोन्ही डबे समोर ठेवलेत आणि निवड माझ्यावर सोडलीत. मी स्वस्तातली घेतली. ती पत्रिका अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कुणी विचारायला आलं की तीच दाखवते.

जीएसटीचं पक्कं बिल दिलंत, त्यावर सीरियल नंबर लिहिलात, आणि तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी माझ्यासमोर तपासलीत. हजार रुपयांत दोन टीबी असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, आकडा खोटा असतो, हेही सांगितलंत.

सगळ्यात मोलाचं काम मात्र त्यानंतरचं. जुन्या डिस्कची तब्येत तपासली तर पिवळा इशारा आला, काही सेक्टर खराब निघाले. तुम्ही लगेच हातातलं बाकीचं काम बाजूला सारलंत. आधी गिऱ्हाइकांच्या फाइली बाहेर काढल्यात, मग विंडोजसकट सगळं जसंच्या तसं एसएसडीवर क्लोन केलंत. फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स, कीबोर्डची मांडणी, काहीच नव्याने बसवावं लागलं नाही. भर सराईत याचं मोल काय ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. केबल लावतानाही तुम्ही थांबलात. त्या बोर्डावर साटाची चार तोंडं, त्यातली दोनच सहा गिगाबिटची, म्हणजे वेगवान. जुनी डिस्क हळूवाल्यावर होती की वेगवाल्यावर, कुणी कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही बारीक अक्षरं वाचून नेमकं तोंड शोधलंत आणि जुनी डिस्क काढून ठेवूनच मशीन पहिल्यांदा चालू केलंत. डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं, एसएसडीवर कधी करायचं नाही, पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी करणारं ट्रिम विंडोज आपलं आपण करतं, हे स्क्रीनवर दाखवलंत.

आणि वाचलेले पैसे? "त्यातून बाहेरची एक हार्ड डिस्क घ्या, रोज संध्याकाळी कॉपी मारा." हार्ड डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा कुरकुर तरी करते, एसएसडी पुष्कळदा बसल्या जागी जाते, आणि मग आतलं परत मिळणं फार अवघड असतं. हे तुम्ही ड्राइव्ह विकत असतानाच सांगितलंत, त्याचं मला फार वाटतं.

विंडोज 10ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला संपले आणि माझा प्रोसेसर विंडोज 11च्या यादीत नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. बँकेची कामं या मशीनवर करू नका म्हणालात, मी बंद केली. पुढेमागे मशीन बदललं तरी ही ड्राइव्ह काढून त्यात लावता येईल, म्हणजे खर्च वाया नाही.

आता कोरलड्रॉ उघडायला मामांना ताटकळत बसावं लागत नाही. मेढ्याहून आलेलं एक कुटुंब परवा मजकूर सांगून, प्रूफ बघून, पुढची एसटी पकडून गेलंसुद्धा.

तुम्ही मजुरी फारच कमी लावलीत, दादा. सराई आटोपली की उरलेली द्यायला येणार आहे, तेव्हा नाही म्हणू नका. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमची,
पोवई नाक्याजवळची पत्रिकावाली ताई