पंखा बंद करणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपण माझ्या कार्यशाळेतून गेलात त्याला फार काळ लोटलेला नाही, आणि मीटरवरचे शेवटचे आकडे जागच्या जागी थांबलेले दिसले की अजूनही मला भरून येते. कुंडई आणि बेतोड्याच्या कारखान्यांतून तपासणीसाठी येणारे मल्टिमीटर ज्या व्होल्टेज रेफरन्सशी, म्हणजे ठरलेले स्थिर व्होल्टेज देणाऱ्या सर्किटशी, ताडून पाहायचे, तोच डोलत असेल तर माझ्या सहीच्या दाखल्याला अर्थ काय, या प्रश्नाने मला उन्हाळाभर छळले होते.

आपल्याआधी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांच्यापाशी उत्तर तयारच होते. दुकानदाराने एलएम३९९, म्हणजे रेफरन्समधला ते व्होल्टेज देणारा मुख्य भाग, सदोष ठरवून दुसरा विकला. एका कंपनीच्या प्रतिनिधीने तर सर्किट न पाहताच 'गोव्याची दमट हवा' असे कारण कळवून टाकले. दमटपणाने बोर्ड फुगतो, प्लास्टिकच्या आवरणातल्या भागांवर ताण येतो, हे खरे; पण तो परिणाम दिवसादिवसांनी, आठवड्यांनी जाणवतो, क्षणाक्षणाला आकडा हलवत नाही, आणि एलएम३९९ तर धातूच्या हवाबंद डबीत असतो. एवढा विचार करण्याचीही तसदी कुणी घेतली नाही.

आपण आलात, काही न बोलता भिंतीपाशी गेलात आणि छताचा पंखा बंद केलात. मे महिन्यातली फोंड्याची दुपार, खिडक्या मिटलेल्या, आणि माझ्या वडिलांच्या वयाचे आपण घाम पुशीत मीटरसमोर बसून राहिलात. आकडे निवत गेले तरी लगेच निदान सांगितले नाहीत, पंखा पुन्हा लावलात, आकडे पुन्हा हलू लागल्यावर पुन्हा बंद केलात. नंतरच्या साऱ्या मदतीपेक्षा मला ते बसणे मोठे वाटते, कारण माझी तक्रार खरी आहे असे धरून तिच्यासाठी उकाडा सोसणारे आपण पहिलेच.

मग आपण समजावलेत, की एलएम३९९च्या आतला झेनर, म्हणजे ते व्होल्टेज ठरवणारा डायोड, स्वतःच्या हीटरमुळे सुमारे ९० अंशांवर राखला जातो म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण त्याचे कोव्हार मिश्रधातूचे पाय बोर्डावरच्या तांब्याला जिथे मिळतात तिथे प्रत्येक जोड थर्मोकपल, म्हणजे उष्णतेने बारीक व्होल्टेज उपजवणारी दोन धातूंची जोडी, होऊन बसतो, अंशामागे सुमारे ३५ मायक्रोव्होल्टचा. दोन्ही जोड सारखेच तापलेले असतील तर हे व्होल्टेज परस्परांना छेदते. गरम पायांवरून वाऱ्याची झुळूक गेली आणि त्या दोघांत ०.२ अंशाचाच फरक पडला, तरी ७ मायक्रोव्होल्ट इकडचे तिकडे होतात, म्हणजे ७ व्होल्टांच्या रेफरन्समध्ये दहा लाखांत एक भाग. मला दिसत होते ते डोलणे याच मापाचे होते.

औषधाच्या बाटलीचे टोपण मागून घेऊन, त्यात सैल कापूस भरून आपण ते त्या डबीवर बसवलेत, आणि बोर्ड उलटा करून पायांच्या बाजूलाही तसेच आवरण घातलेत. खालून लागणारा वारा कुणाच्या ध्यानात येत नाही, असे आपण म्हणालात. माझ्या आधीच्या सल्लागारांपैकीही कुणी बोर्डाची ती बाजू पाहिली नव्हती. मोबदला म्हणून आपण कोकम सरबताच्या पेल्यापलीकडे काही घेतले नाहीत. मोठ्या पदव्यांची आणि छापील कार्डांची माणसे भेटतात, पण समोरच्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे एवढे साधे सौजन्य फार थोड्यांपाशी उरले आहे.

आता पंखा चालू असतानाही मीटर स्थिर राहतो. पुढे सबंध बोर्ड पत्र्याच्या पेटीत बसवण्याचा विचार आहे; ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठ्याचा रेग्युलेटर मात्र, त्यांची ऊब आत शिरू नये म्हणून, पेटीबाहेर ठेवीन. झाकण कायमचे लावण्यापूर्वी आपण एकदा नजर टाकून जावे, अशी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
फोंड्याची कार्यशाळावाली