ट्रेकसाठी स्लीपिंग बॅगऐवजी पिसांची रजई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिमालयातील ट्रेकला जाणाऱ्यांनी सोबत काय घ्यावे, याची यादी आपल्या पुरवणीत नुकतीच वाचली. यादी उपयुक्त आहे. मात्र झोपण्याच्या साहित्यात तिने केवळ ‘स्लीपिंग बॅग’ एवढीच नोंद केली आहे, आणि स्वतःचे सामान स्वतःच्या पाठीवर वाहणाऱ्यांच्या दृष्टीने ही नोंद अपुरी आहे. सोलापुरातून दरवर्षी अनेक तरुण मुले-मुली हंपटा पास, केदारकांठा अशा वाटांवर जातात; त्यांना डाऊनची, म्हणजे बदक किंवा हंस यांच्या छातीवरील मऊ पिसांची रजई हा दुसरा आणि अनेकदा अधिक चांगला पर्याय आहे, हे सांगितले गेले पाहिजे, यासाठी हे पत्र.

डाऊन ऊब देते ते तिच्या तंतूंत अडकून राहिलेल्या स्थिर हवेमुळे. म्हणूनच तिची प्रत ‘फिल पॉवर’ या मापाने सांगतात : एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम, पिसे किती घन इंच जागा व्यापतात तो हा आकडा. 800 फिल पॉवरची एवढीशी पिसे फुलली की जवळजवळ 13 लिटर जागा घेतात. आता स्लीपिंग बॅगमध्ये माणूस आडवा झाला की पाठीखालची पिसे त्याच्या वजनाने दबून सपाट होतात, त्यांतील हवा निघून जाते आणि ती बाजू जवळपास नुसत्या कापडाइतकीच उरते. जमिनीचा गारवा अडवण्याचे काम तेव्हाही खालची मॅटच करत असते. ज्या भागाचा रात्री उपयोग नाही त्या भागाचे ओझे दिवसभर चढावर वाहायचे कशासाठी, या साध्या प्रश्नातून ट्रेकिंगची रजई आली. तिला पाठीकडची बाजू नसते, डोक्याचा टोप नसतो आणि बहुधा लांब चेनही नसते. फक्त पायांकडचा भाग पिशवीसारखा बंद केलेला असतो. शून्य अंशाच्या आसपासच्या थंडीसाठी चांगली डाऊन बॅग साधारण एक किलोची असते, तर तेवढ्याच उबेची रजई सहाशे-सातशे ग्रॅममध्ये बसते. भाड्याने मिळणाऱ्या सिंथेटिक बॅगा तर बहुधा दीड किलोच्या पुढेच असतात. अमेरिकेत गिर्यारोहक व लेखक रे जार्डिन यांनी 1990च्या दशकात लांब पल्ल्याच्या पायवाटांवर रजईचा आग्रहाने पुरस्कार केला आणि हलके सामान घेऊन चालणाऱ्यांत ती तिकडे रुजली.

वजनाइतकाच महत्त्वाचा मला तिचा मोकळेपणा वाटतो. ममी पद्धतीच्या निमुळत्या बॅगेत कुशीवर वळणे म्हणजे सगळी बॅग घेऊन वळणे, आणि रात्री बाहेर जायची वेळ आली की अंधारात चेन आतल्या पातळ अस्तरात अडकते ती नेमकी गुडघ्याजवळ. रजईखाली गुडघे दुमडून निजता येते, उकडले तर एक पाय बाहेर काढता येतो. सोलापूरच्या उन्हाची सवय असलेल्या आमच्यासारख्यांना पायथ्याच्या कॅम्पवर बंद बॅगेत घुसमटायला होते आणि वरच्या कॅम्पवर तीच बॅग अपुरी पडते. रजई दोन्हीकडे जुळवून घेता येते.

तथापि रजई घेणाऱ्याने मॅटकडे दुर्लक्ष केले तर त्याची रात्र वाईट जाईल, हे मी निक्षून सांगू इच्छितो. मॅटची थंडी अडवण्याची क्षमता ‘आर-मूल्य’ या आकड्याने मोजतात. घडीच्या चांगल्या फोम मॅटचे आर-मूल्य साधारण 2 असते. गोठणबिंदूजवळच्या रात्रींसाठी 3 ते 4 हवे. एकावर एक ठेवलेल्या दोन मॅटच्या आर-मूल्यांची बेरीज होते, त्यामुळे फोमच्या मॅटवर हवेची मॅट टाकून हा आकडा गाठता येतो. योगासनांची पातळ चटई मात्र या कामाची नाही. दुसरी अडचण फटींची. कूस बदलताना कमरेशी रजई उचलली जाते आणि तेवढ्या फटीतून गार हवा थेट पाठीला लागते. यासाठी रजईला पट्टे दिलेले असतात. ते मॅटखालून घेऊन दोन्ही कडांच्या हुकांत अडकवले आणि कडा अंगाखाली थोड्या खोचल्या की फट पडत नाही. पट्टे आवळताना रजई ताणून सपाट होणार नाही, एवढे मात्र पाहावे. डोक्याला टोप नसल्यामुळे लोकरीची कानटोपी अनिवार्य समजावी.

तापमानाच्या आकड्यांबाबतही सावध राहावे. स्लीपिंग बॅगांसाठी आयएसओ 23537 हे मानक आहे आणि त्यात ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ व ‘एक्स्ट्रीम’ असे वेगवेगळे आकडे असतात. शेवटचा आकडा जीव वाचण्याच्या सीमेचा आहे, झोप लागण्याचा नव्हे. तरीही विक्रेते पुष्कळदा तोच ठळक छापतात. रजयांवरील आकडे बहुधा उत्पादकाच्या स्वतःच्या अंदाजाचे असतात. म्हणून अपेक्षित थंडीपेक्षा निदान पाच अंशांनी अधिक उबदार रजई घ्यावी. हिवाळ्यात बर्फावर तंबू ठोकून उणे दहापर्यंत उतरणाऱ्या रात्री काढायच्या असतील, तर माझे मत स्पष्टपणे स्लीपिंग बॅगच्या बाजूने आहे. संयोजक कॅम्पवर बॅगा पुरवत असतील तेव्हाही रजई विकत घेण्याचे कारण नाही.

सह्याद्रीत हिवाळ्यात हलकी रजई उत्तम चालते. पावसाळ्यात डाऊन नेऊ नये, कारण भिजली की पिसे गोळा होतात, त्यांची ऊब जाते आणि गडावरच्या दमट हवेत ती वाळतही नाहीत. घरी आणल्यावर रजई दाबून भरलेल्या लहान पिशवीत ठेवू नये. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी.

किंमत हा खरा अडथळा आहे. चांगल्या डाऊन रजया पुष्कळशा परदेशातून मागवाव्या लागतात. शिवाय प्राण्यांची पिसे वापरणे अनेकांना मान्य नसते, आणि त्यांच्या भावनेचा मला पूर्ण आदर आहे. जिवंत पक्ष्यांची पिसे उपटली जाऊ नयेत म्हणून 2014 साली ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्र सुरू झाले असले, तरी तेवढ्याने सर्वांचे समाधान होणार नाही. अशांसाठी रजईचीच रचना ठेवून आत पॉलिएस्टरचा थर घालता येतो. वजन वाढते, पण किंमत उतरते आणि ओलाव्यातही ती बरीचशी ऊब धरून ठेवते. जार्डिन स्वतः अशाच सिंथेटिक रजया शिवून वापरत असत.

इथे मला आपल्या शहराचा विचार मनात येतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि गणवेश शिवणारे कुशल कारागीर येथे मोठ्या संख्येने आहेत. डाऊनसाठी आत कप्पे पाडावे लागतात, पिसे बाहेर न येऊ देणारे दाट विणीचे कापड लागते. ते काम अवघड आहे. पॉलिएस्टरची रजई म्हणजे मात्र हलक्या नायलॉनचे दोन पदर, मध्ये एक अखंड थर, कडेने शिलाई, पायांकडे पिशवी आणि पट्ट्यांसाठी चार हूक. एखाद्या शिवणकाम व्यावसायिकाला नमुना शिवून पाहावासा वाटल्यास मापे घेण्यासाठी माझी रजई त्यांच्याकडे नेऊन द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर